आवाज बंद करून पाहा

हुबळीत जुलैचा पाऊस कोसळत नाही, नुसता लागून राहतो. कन्नडमध्ये त्याला ‘जिटिजिटी मळे’ म्हणतात. शब्द उच्चारला तरी अंगाला ओल लागल्यासारखं वाटतं. अशाच एका संध्याकाळी विद्यानगरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. दिवा मालवलेला, कानात हेडफोन. पडद्यावर काळं जंगल, धुकं आणि मधोमध एक मुलगा. तोही काळाच, फक्त डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण आज्जी गिरमिटाची ताटली घेऊन वर आल्या आणि माझ्या खांद्यावरून पाच मिनिटं पाहत राहिल्या.

‘‘एन नोडाकत्तीरी?’’ काय बघताय?

‘‘गेम खेळतोय, आज्जी.’’

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ‘‘अहो, ह्यात तर काहीच होत नाही. पोरगं नुसतं उभं आहे.’’

पोरगं उभं होतं, कारण मी अडकलो होतो. आज्जींचा शेरा मात्र मनात राहिला. गेली तीसेक वर्षं जगभर खेळल्या जाणाऱ्या एका खेळप्रकाराचं वर्णन त्यांनी नकळत एका वाक्यात करून टाकलं होतं. या खेळांत बराच वेळ काहीच होत नाही. गोळ्या सुटत नाहीत, गुण वाढत नाहीत, घड्याळ टिकटिकत नाही. एक जागा असते, तिथला उजेड आणि आवाज असतो, कुठेतरी एक बंद दार असतं, आणि आपण.

मराठीत याला रुळलेलं नाव नाही. इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा सरसकट ‘पझल गेम’ म्हणतो. पण सुडोकूही पझलच की. आपल्याकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यामुळे ‘गूढकथा’ हा शब्द घरोघरी पोचला, म्हणून या लेखापुरतं मी ‘गूढखेळ’ म्हणतो. प्रश्न असा की, या खेळांतलं गूढ आणि कोडं यांचं नातं काय? धुकं, पाऊस, घुमणारे आवाज ही कोड्यावर चढवलेली रंगसफेदी आहे, की कोड्याचाच मजकूर आहे? हे तपासायला मी एक घरगुती कसोटी वापरतो. खोलीतला दिवा लावा, आवाज बंद करा आणि तोच खेळ पुन्हा खेळा. काही अडलं नाही, तर वातावरण फुकटचं होतं.

खेळांच्या आधीचे खेळ

कोड्यांची आपल्याला नवलाई नाही. बाराव्या शतकातल्या अल्लमप्रभूंची ‘बेडगिन वचनं’ ही अर्थ लपवून ठेवणारी वचनं, आणि आपल्याकडे कूट अभंग. बुद्धिबळाच्या पटावर घोड्यानं प्रत्येक घरात एकदाच जाऊन फेरी पुरी करायची आणि त्या वाटेवर अक्षरं लावून श्लोक साधायचा, ही करामत नवव्या शतकातल्या रुद्रटाच्या ‘काव्यालंकारा’त आहे. तिचंच वेड पुढे म्हैसूरचे राजे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांना होतं. औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांनी १८७१मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ लिहून पटावरचे खेळ नोंदवून ठेवले. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिराच्या भिंतीवर चक्रव्यूह कोरलेला आहे. बोटानं गिरवत आत जावं, असाच तो आहे.

पण ही कोडी बहुतेक करून उघड्यावरची. पट समोर, नियम ठाऊक, बुद्धी लावायची. कोडं आणि जागा एकजीव झाल्याचं मराठी उदाहरण मला सापडतं ते इथून वीस किलोमीटरवर, धारवाडात. इंग्रजी शिकवत आयुष्य घालवलेल्या जी. ए. कुलकर्णींच्या (१९२३–१९८७) कथांत. ‘पिंगळावेळ’मधल्या ‘स्वामी’ कथेत रात्रीच्या आसऱ्याला मठात गेलेला माणूस तिथेच स्वामी म्हणून कोंडला जातो. वाचणारा त्या कोठडीत भिंती चाचपत राहतो. दार कुठे होतं, आपण आत आलो कधी, आधी दिसलेल्या कोणत्या खुणेकडे आपलं दुर्लक्ष झालं? पुढे ज्यांची नावं येणार आहेत ते खेळ करणाऱ्यांनी जीए वाचले असण्याचा संभव नाही. जीए वाचलेल्या माणसाला मात्र हे खेळ परके वाटत नाहीत.

एक बेट आणि अडीच हजार चित्रं

संगणकावर या प्रकाराला खरा लोकाश्रय मिळाला तो १९९३च्या ‘मिस्ट’मुळे. अमेरिकेतल्या रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी तो केला. निर्मनुष्य बेट, एक ग्रंथालय, काही पुस्तकं. पुस्तकातल्या चित्राला हात लावला की माणूस दुसऱ्या जगात. आजच्या अर्थानं त्यात हालचाल जवळपास नव्हतीच. सुमारे २५०० स्थिर चित्रं होती आणि क्लिक करत एकातून दुसऱ्यात जायचं. त्या काळच्या सीडी इतक्या संथ की पुढचं चित्र उमटायला वेळ लागे. पण त्या शांत बेटावर संथपणा शोभून गेला. २००२मध्ये ‘द सिम्स’नं मागे टाकेपर्यंत संगणकावर सगळ्यात जास्त विकला गेलेला खेळ तो हाच.

‘मिस्ट’ला माझी कसोटी लावून पाहा. एका जगात भुयारातून धावणारी एक गाडी आहे. भुयार म्हणजे फाट्यांचं जाळं. प्रत्येक थांब्यावर एक आवाज होतो: टिंग, फुस्स, खळ्ळ, असं काहीतरी. ऐकणाऱ्याला वाटतं, जुनाट यंत्र आहे, करतंय कुरबूर. प्रत्यक्षात प्रत्येक आवाज म्हणजे एक दिशा. कोणता आवाज उत्तरेचा आणि कोणता पूर्वेचा, हे आपण दुसऱ्याच एका जगात, फिरत्या किल्ल्याच्या यंत्राशी खेळताना ऐकलेलं असतं आणि पार्श्वसंगीत समजून सोडून दिलेलं असतं. आवाज बंद केला की माणूस भुयारात आंधळा होतो. ‘मिस्ट’ इथे कसोटीला पुरेपूर उतरतो.

त्याच्यापुढचा ‘रिव्हन’ (१९९७, पाच सीडी) तर मला या साऱ्या प्रकाराचा कळस वाटतो. त्यातला एकच प्रसंग जवळून सांगतो. बेटांवरच्या गावात एका हुकूमशहानं स्वतःला देव ठरवलंय. त्याला न मानणाऱ्यांना समुद्रातल्या अजस्र जलचराच्या तोंडी दिलं जातं. त्या गावात एक ओस पडलेली शाळा आहे आणि शाळेत एक लाकडी खेळणं. दोन बाहुल्या दोऱ्यांना टांगलेल्या, खाली त्या जलचराचा आ वासलेला जबडा. कळ फिरवली की एक अनोळखी चिन्ह दिसतं आणि एक बाहुली तितकी पायऱ्या खाली सरकते. पुन्हा कळ, पुन्हा चिन्ह, आता दुसरी बाहुली. शेवटी एक जबड्यात जाते.

मी पहिल्यांदा ते दोनतीनदा फिरवलं आणि किळस येऊन बाहेर पडलो. दोन दिवसांनी लक्षात आलं की ती मुलांची अंकलिपी होती. बाहुली जितक्या पायऱ्या उतरते, तेवढा त्या चिन्हाचा अंक. वहीत लिहून काढल्यावर आणखी एक गंमत कळली. एकचं चिन्ह आडवं फिरवलं की पाच होतो, दोनचं फिरवलं की दहा. म्हणजे त्यांची मोजणी पाचापाचानं चढते आणि पंचवीसवर नवं घर सुरू होतं. हे आकडे पुढे दारं उघडायला लागतात. भिंतीवर तक्ता टांगला असता तरी कोडं सुटलंच असतं. पण या गावातली मुलं आकडे शिकतात ते फाशीच्या खेळण्यावर, हे तक्त्यानं कधीच कळलं नसतं. आकडे शिकता शिकता आपण त्या गावाची भीती शिकतो. गूढ आणि कोडं इतकं एकजीव झालेलं मी नंतर क्वचितच पाहिलं.

सावल्यांचा खेळ

पुढची मोठी लाट आली ती छोट्या चमूंची. आज्जींनी पाहिलेलं ‘नुसतं उभं पोरगं’ डेन्मार्कमधल्या प्लेडेड या कंपनीच्या ‘लिंबो’मधलं, साल २०१०. पूर्ण काळापांढरा खेळ, एक शब्द नाही, सूचना नाहीत. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाजाचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिलाय किंवा इकडचा ‘तोगलु गोंबेयाट’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ‘लिंबो’ची भाषा लगेच कळते. पडद्यामागे दिवा, पुढे सावली, आणि सावलीला चेहरा नसल्यामुळे तिच्यावर आपलाच चेहरा चढवता येतो.

त्यातला कोळी आठवा. वाट अडवून बसलेला, घरापेक्षा मोठा. जवळ गेलं की पाय उगारतो आणि मुलगा मरतो. पुन्हा गेलं, पुन्हा मरतो. चारपाच मरणांनंतर ध्यानात येतं की त्याचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा मागच्या झाडावर अडकलेला लोखंडी सापळाही हादरतो. तो खाली पडतो, ओढत नेऊन कोळ्याच्या पायाखाली ठेवायचा. मारणाऱ्याच्याच धक्क्यानं हत्यार हाती येतं. इथे काळोख सजावटीचा नाही. काळोखामुळे सापळा आधी दिसत नाही, म्हणून मरावं लागतं, म्हणून शिकायला होतं. आवाज बंद करून ‘लिंबो’ बराचसा पार करता येतो, हे कबूल. दिवा लावून मात्र नाही. दिव्याच्या झळाळीत पडद्यावरची अर्धी कोडी दिसतच नाहीत.

याच कंपनीच्या ‘इनसाइड’मध्ये (२०१६) ध्वनिसंयोजक मार्टिन स्टिग अँडरसन यांनी आवाज खऱ्या मानवी कवटीतून वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केले. मुलाला जसं आतून ऐकू येईल तसं आपल्याला यावं, हा उद्देश. ऐकताना कळत नाही, पण दातांत काहीतरी करकरतं.

झेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइनचा ‘मशिनेरियम’ (२००९) वेगळ्या स्वभावाचा. गंजलेलं यंत्रांचं शहर, हातानं काढलेलं, आणि एक भाबडा पत्र्याचा रोबो. बोलणं चित्रांच्या फुग्यांतून. मला त्यातली एक युक्ती फार आवडते. अडलात तर उत्तरांची वही मिळते, पण तिला कुलूप आहे. ते उघडायला कंटाळवाणा असा एक छोटा खेळ खेळावा लागतो: किल्ली उडवत न्यायची, वाटेतले कोळी टिपायचे. दोनदा तो खेळल्यावर माणूस म्हणतो, जाऊ दे, त्यापेक्षा विचार करतो. विद्यार्थ्याला उत्तर नाकारायचं नाही, थोडं महाग करायचं, हे शिक्षकी शहाणपण खेळात प्रथमच पाहिलं.

हातातली पेटी

टचस्क्रीन आल्यावर गूढ खिशात आलं. फायरप्रूफ या इंग्लंडमधल्या छोट्या कंपनीचा ‘द रूम’ (२०१२) म्हणजे अंधाऱ्या खोलीत ठेवलेली एक पेटी. कप्प्यात कप्पा, किल्लीत किल्ली. बोटानं कड सरकवली की आतली कळ लागते. आजोबांची लाकडी पेटी आणि तिचा चोरकप्पा ठाऊक असलेल्यांना तो स्पर्श ओळखीचा वाटेल. लंडनच्या अस्टूचा ‘मॉन्युमेंट व्हॅली’ (२०१४) डच चित्रकार एशरच्या अशक्य इमारतींवर उभा आहे. खांब फिरवला की दोन तुटके सज्जे नजरेच्या भ्रमानं जुळतात, आणि भ्रमातून तयार झालेल्या वाटेवरून छोटी राजकन्या खुशाल चालत जाते. तिथे चित्र हेच कोडं आहे. वेगळं काढायला काही उरत नाही.

आतापर्यंतच्या यादीतल्या दोन खेळांना एक कडू तळटीप आहे. ‘मशिनेरियम’च्या कर्त्यांचा अंदाज होता की खेळणाऱ्यांपैकी ५ ते १५ टक्क्यांनीच पैसे दिले असावेत. २०१०मध्ये त्यांनी चक्क चोरांसाठी माफी-सवलत जाहीर करून खेळ पाच डॉलरला दिला. ‘मॉन्युमेंट व्हॅली’वाल्यांनीही २०१५च्या सुरुवातीला सांगितलं की अँड्रॉइडवरच्या त्यांच्या प्रतींपैकी जेमतेम ५ टक्के विकत घेतलेल्या आहेत. एकाच माणसाच्या दोन फोनांवरच्या प्रती त्यात आल्या हे धरूनही आकडा बोलका आहे. आपल्याकडे तर फोन म्हणजे अँड्रॉइडच. गूढखेळ एकदा विकला की संपला. त्यात रोज नवी पोशाखखरेदी नाही, मधे जाहिरात नाही. जाहिरात घातली तर वातावरणच मोडतं. म्हणून फुकट खेळायची सवय या प्रकाराला सगळ्यात जास्त बाधते.

आज्जींचा कान

जोनाथन ब्लो यांचा ‘द विटनेस’ (२०१६) हा पुन्हा एका बेटाचा खेळ. पाचशेहून अधिक कोडी, सगळी एकाच प्रकारची: फळीवरच्या जाळीत सुरुवातीपासून शेवटापर्यंत रेघ ओढायची. नियम कुठेही लिहिलेले नाहीत. पहिल्या फळीवर एकच शक्यता, दुसरीवर दोन, तिसरीवर आपला समज चुकीचा ठरतो, चौथीवर तो दुरुस्त होतो. विलंबित ख्यालाच्या बढतीसारखं हे आहे. गायक एकेक सूर मांडत जातो, राग कोणता ते सांगत नाही. ऐकणाऱ्याला तो आपसूक कळतो.

त्या बेटावरच्या जंगलात काही फळ्या आहेत आणि पक्षी ओरडत असतात. त्या फळ्यांपुढे मी दोन संध्याकाळी घालवल्या. जाळी रिकामी, खूण एकही नाही. आज्जी नेहमीप्रमाणे वर आल्या होत्या. हेडफोन काढून ठेवलेले, आवाज खोलीभर. त्या म्हणाल्या, ‘‘हा पक्षी एकच ओळ परत परत म्हणतोय. खालचा, वरचा, मग मधला.’’ तरुणपणी त्या थोडं गाणं शिकल्या होत्या. गंगूबाई हनगल यांच्या गावात हे नवल नाही. मी रेघ खालून, वरून, मधून नेली. फळी उजळली. मला जे दोन दिवस नुसतं जंगल वाटत होतं, तो कोड्याचा मजकूर होता आणि त्यांनी तो वाचून दाखवला.

याच उदाहरणात या प्रकाराचा मोठा दोषही आहे. ज्याला कमी ऐकू येतं त्यानं या फळ्यांचं काय करायचं? ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यानं रंगांच्या फळ्यांचं काय करायचं? वातावरण जितकं कोड्यात मुरतं, तितकी काही खेळाडूंची वाट बंद होते. माझी कसोटी ज्याला पूर्ण गुण देते, तोच खेळ कुणाला तरी दाराबाहेर ठेवतो. यावर सोपं उत्तर नाही. पर्यायी खुणा देण्याची सोय वाढते आहे, आणि ती वाढायलाच हवी.

लुकास पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) भाषेच्या अंगानं विचार करायला लावतो. ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज १८०७मध्ये रिकामं परत येतं. साठ माणसांचं काय झालं ते विमा-तपासनिसानं शोधायचं. जहाजावर हिंदुस्थानी खलाशीही आहेत. कोण कोण ते ठरवायचं बोलण्याच्या ढबीवरून, गोंदणावरून, झोपायच्या झोळीच्या क्रमांकावरून. तीन जणांचं बरोबर जुळलं की मगच खेळ मान्य करतो, त्यामुळे एकट्यादुकट्या अंदाजाची ठोकाठोकी चालत नाही. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये (२०१९) सूर्यमाला दर बावीस मिनिटांनी भस्म होते आणि सगळं पुन्हा सुरू होतं. हाती काहीच उरत नाही, फक्त जे कळलं ते उरतं. त्यात किल्ली म्हणजे माहिती, दुसरं काही नाही.

नक्कलही खूप झाली. ‘लिंबो’नंतर काळोखात एकटं मूल हा ठरीव साचाच झाला. स्वीडनच्या टार्सिअरचा ‘लिटिल नाइटमेअर्स’ (२०१७) त्यातला वरच्या दर्जाचा; त्याची भीती अस्सल आहे. पण कोडी बहुतेक ‘खोका ओढा, वर चढा’ एवढीच. दिवा लावून, आवाज बंद करून ती तशीच सुटतात. गूढ तिथे उत्तम भाडेकरू आहे, घरमालक नाही.

आपल्याकडचा हिशेब

महाराष्ट्रातून या रांगेत जाऊन बसणारं नाव म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’. २०१७मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी चमू टिकून राहिला आणि ऑगस्ट २०२०मध्ये खेळ आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं. राजस्थानी वाड्यांचं कमानकाम, पहाडी चित्रांचा रंगपट, कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन. पुढे हिंदी आवाजही आले. मुळात तो लढाईचा खेळ, मधे मधे वर्तुळं फिरवून भित्तिचित्र जुळवायची कोडी.

आपलं म्हणून हात सैल सोडायचा नाही, तर सांगायला हवं की कसोटीत ‘राजी’ इथेच अडखळतो. डोळे निवावेत असं वातावरण आहे, पण कोडं त्या वातावरणातून निघत नाही. चित्र दुर्गेचं असो वा द्राक्षांचं, वर्तुळं तशीच फिरतात आणि तशीच जुळतात. कथा ठाऊक असणाऱ्याला काही अधिक सुटत नाही.

याच्या उलट उदाहरण एका तमिळ घराचं आहे. टोरांटोच्या विसाई गेम्सचा ‘वेंबा’ (२०२३). कॅनडात स्थायिक झालेल्या कुटुंबातली आई, आणि तिच्या आईची डाग पडलेली, पुसट झालेली पाककृतींची वही. पुसलेल्या ओळी अंदाजानं भरून पदार्थ करायचा. इडलीपात्रातल्या ताटल्या कशा रचायच्या हे तिथलं पहिलंच कोडं. आमच्या आज्जींना ते कोडं आहे हे पटवून द्यायलाच वेळ गेला असता. तिथे घरातली माहिती हीच किल्ली आहे, आणि ती किल्ली पुढच्या पिढीच्या हातून निसटतेय हीच गोष्ट. कोडं आणि दुःख एकाच वहीत.

भाषेचा मुद्दा इथे येतो. २०२५चा गाजलेला ‘ब्लू प्रिन्स’ घ्या. रोज खोल्या बदलणारा वाडा, आणि सेहेचाळिसावी खोली शोधायची. नावातच इंग्रजी शब्दखेळ, आत तर पावलोपावली. असा खेळ दुसऱ्या भाषेत नेणं जवळपास अशक्य. निःशब्द ‘लिंबो’ विद्यानगरात आणि कोपनहेगनमध्ये सारखाच अडतो. शब्दांचा खेळ मात्र ज्याच्या भाषेत असेल त्याचाच. या खेळांच्या भाषांच्या यादीत मला अजून मराठी भेटलेली नाही, आणि कन्नडही नाही. पण नुसत्या भाषांतरानं काय साधणार? मराठीतून सुचलेलं कोडं हवं.

तसं कोडं आपल्या माळ्यावरच पडलेलं आहे. मोडी लिपी. मुंबई इलाख्यातल्या कितीतरी घरांत, या धारवाड भागातसुद्धा, पणजोबांची मोडीतली कागदपत्रं आहेत. भाषा आपली, हस्ताक्षर आपल्या माणसाचं, आणि एक अक्षर लागत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवली जाणारी लिपी तीन पिढ्यांत ‘रिव्हन’मधली चिन्हं होऊन बसली. २०१४मध्ये ती युनिकोडमध्ये आली, म्हणजे पडद्यावर उमटवायची अडचणही उरली नाही. अंधारा वाडा, ट्रंकेतला दस्त, आणि एकेक अक्षर ओळखत दार उघडत जाणारी पणती. इथे वातावरण कोड्यापासून वेगळं काढून दाखवावं कुणीतरी.

अडकून राहण्याची किंमत

घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘गेम’ हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो आणि त्यात त्यांची चूक नाही. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांनी घरं बुडवली. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्रानं कायदा करून त्यांवर बंदी आणली. त्या गदारोळात पैसे न लावता, एकट्यानं, शांतपणे खेळायचा हा प्रकारही त्याच पोत्यात भरला जातो. फरक साधा आहे. जुगार माणसाला थांबू देत नाही. गूढखेळ थांबायलाच लावतो.

भाच्याला हेच पटत नाही. ‘‘मामा, यूट्यूबवर सगळं सोल्यूशन आहे की. दोन मिनिटांचं काम.’’ खरं आहे. ‘रिव्हन’चं उत्तर माहीत असेल तर तासाभरात शेवट गाठता येतो. मी त्याला म्हटलं, चिगरी बसनं धारवाडला जाताना डोळे मिटून बसलास तरी धारवाड येतंच. पण मग उणकलचं तळं दिसत नाही. तो हसला. पण परीक्षा संपल्यावर ‘लिंबो’ मागून घेऊन गेला, आणि कोळ्यापाशी अडकल्यावर रात्री साडेअकराला फोन केला. मी उत्तर सांगितलं नाही. विचारलं, कोळी पाय आपटतो तेव्हा आणखी काय हलतं? थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मग, ‘‘अरे!’’ आणि फोन बंद. ती मधली शांतता हाच या खेळांचा माल आहे. उत्तर विकत मिळतं, ती मिळत नाही.

एक तक्रार मात्र मलाही खोडता येत नाही. ही कोडी एकदाच सुटतात. राग शंभरदा ऐकता येतो, जीए दहादा वाचता येतात; पण ‘आउटर वाइल्ड्स’ कळल्यावर पुन्हा न कळलेला होऊ शकत नाही. एकदाच उपयोगी पडणाऱ्या वस्तूला मोठी कलाकृती म्हणायचं का? बरेच दिवस माझं उत्तर नकाराकडे झुकत होतं.

परवा पाऊस तसाच लागून राहिला होता. आज्जी वर आल्या, खुर्ची ओढून बसल्या. मी विचारलं, ‘‘काय लावू?’’

‘‘तो पक्षी लावा.’’

‘‘आज्जी, ते सुटलं की. तुम्हीच सोडवलंत.’’

‘‘सुटलं म्हणून काय झालं? गातोय ना अजून?’’

मी लॅपटॉप उघडला, जंगलातल्या त्या फळीपाशी जाऊन उभा राहिलो आणि आवाज वाढवला. पडद्यावर काहीच होत नव्हतं. त्यांनी दिवा मालवायला सांगितला.